चार सेकंदांची हिरवी

खाडीच्या तोंडावरची बत्ती उतरवून वर्कशॉपमध्ये आणली की पहिलं काम असतं ती धुण्याचं. वर मिठाचा पापुद्रा, सोलर पॅनेलवर पाणकावळ्यांनी केलेली घाण, बोल्टांच्या खाचांत वाळलेलं शेवाळ. पक्षी बसू नयेत म्हणून माथ्यावर स्टीलच्या काड्या उभ्या केलेल्या असतात. पाणकावळे त्या काड्यांच्या मधोमध जागा शोधतात. ‘बत्ती बंद आहे’ अशी तक्रार आली की ऑफिसातल्या माणसांना वाटतं, सर्किट गेलं. बहुतेक वेळा सर्किट ठणठणीत असतं. पॅनेलवर थर बसल्यामुळे बॅटरी भरत नाही. तोच थर शेजारच्या प्रकाश-सेन्सरवरही बसला असेल तर बत्तीला भर दुपारी रात्र वाटते आणि ती दिवसभर लुकलुकत राहते. म्हणजे आवक नाही आणि खर्च दुप्पट.

मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. रत्नागिरीत एका कंत्राटदाराकडे बोयांच्या बत्त्यांची देखभाल करतो. बोया म्हणजे साखळीने तळाशी बांधलेला तरंगता खुणेचा पिंप, आणि त्याच्या डोक्यावर आमची बत्ती. बत्ती उघडली की आत दोन छोटे फिरते स्विच दिसतात, शर्टाच्या बटणाएवढे. प्रत्येकावर ० ते ९ आणि पुढे ए ते एफ अशा सोळा खाचा. दोन स्विच मिळून २५६ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला एक ठेका ठरलेला असतो : किती वेळ पेटायचं, किती वेळ विझायचं, एका फेरीत किती वेळा. बारीक स्क्रूड्रायव्हरने दोन खाचा फिरवल्या की झालं. काम दोन मिनिटांचं. पण त्या दोन मिनिटांच्या आधी कपाटातून कागद काढावा लागतो आणि कागदावर जे आहे तेच लावावं लागतं. देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांत आणि बत्त्यांच्या यादीत प्रत्येक बत्तीपुढे तिचा रंग, ठेका आणि सेकंद छापलेले असतात. ‘एफएल, जी, चार एस’ म्हणजे हिरवी, दर चार सेकंदांनी एकदा. बाहेरगावचा कॅप्टन तो कागद समोर ठेवून येतो. त्याने आमची खाडी पूर्वी पाहिलेली नसते, त्यामुळे रात्री त्याच्यासाठी आमची सगळी खाडी म्हणजे हे सेकंदच.

हल्लीच्या बत्त्यांना स्विच नसतात. काही रिमोटने बदलतात, टीव्हीच्या रिमोटसारख्या इन्फ्रारेड किरणांनी. कडक उन्हात त्या रिमोटचं ऐकत नाहीत, मग वर फडकं धरून उभं राहावं लागतं. काही ब्लूटूथवर चालतात. मोबाइलवर अ‍ॅप उघडायचं, पिन टाकायचा आणि यादीतून ठेका निवडायचा. सोय आहे यात शंका नाही. तरी मला स्विचच आवडतात. बत्ती पूर्ण मेलेली असली, बॅटरी फुगलेली असली, तरी झाकण उघडून ती कुठल्या कोडवर होती ते डोळ्यांनी वाचता येतं. मेलेली ब्लूटूथ बत्ती काहीच सांगत नाही. आणि कंपनीने दिलेला पिन बदलायचा असतो हे कित्येक ठिकाणी कोणाच्या ध्यानातही नसतं.

मला हे काम शिकवलं ते एका जुन्या मिस्त्रींनी. त्यांची अर्धी नोकरी गॅसच्या बत्त्यांवर गेली. तेव्हा बोयाच्या पोटात डीए गॅसचे, म्हणजे विरघळवलेल्या अ‍ॅसिटिलीनचे सिलिंडर उभे असायचे. बत्तीत एक बारीक पायलट ज्योत कायम तेवत असे. फ्लॅशरच्या डबीत गॅस भरत जायचा, पुरेसा दाब झाला की पडदा उचलायचा, गॅस बाहेर पडून पायलटवर पेटायचा, आणि पडदा परत बसला की अंधार. स्क्रू फिरवून तो वेळ कमी-जास्त करायचा. दिवसा गॅस बंद ठेवायला सूर्याचा व्हॉल्व्ह होता. त्यात मधोमध एक काळी दांडी आणि भोवती तीन चकचकीत दांड्या. उजाडलं की काळी दांडी प्रकाश शोषून बाकीच्यांपेक्षा जास्त लांबते आणि गॅसची वाट बंद करते. स्वीडनच्या गुस्टाफ डालेन यांची ही युक्ती. त्यांना १९१२ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं ते अशा दीपगृहांच्या आणि बोयांच्या स्वयंचलित साधनांसाठी. त्याच वर्षी गॅसच्या स्फोटात त्यांचे डोळे गेले. मिस्त्रींना नोबेलचं फारसं कौतुक नव्हतं, पण व्हॉल्व्हचं होतं. “बिनतारेचा, बिनबॅटरीचा. तुझ्या सेन्सरवर कावळा बसला की रात्र. याच्यावर बसला तर बघू दे,” असं म्हणायचे. त्यावरही पाणकावळे बसत असणारच, पण मी वाद घातला नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसवली. मी बत्ती किती वेळ पेटते ते बघत होतो. ते म्हणाले, “पेटते ते सगळ्यांना दिसतं रे. तू विझलेली किती वेळ राहते ते मोज.” गॅसच्या काळात त्यामागे खर्चाचा हिशेब होता, कारण अंधार जेवढा लांब तेवढा सिलिंडर जास्त दिवस पुरायचा. पण ओळखही बरीचशी अंधारातच असते. अर्धा सेकंद पेटणाऱ्या दोन हिरव्या बत्त्या पेटलेल्या असताना अगदी सारख्या दिसतात. एक साडेतीन सेकंद विझलेली राहते आणि दुसरी दोन, यावरूनच त्या वेगळ्या.

मोजण्याची रीत साधी आहे. बत्तीवर काळं कापड टाकायचं म्हणजे सेन्सर रात्र समजतो. स्टॉपवॉच घेऊन एका फ्लॅशच्या सुरुवातीपासून अकराव्या फ्लॅशच्या सुरुवातीपर्यंत वेळ घ्यायचा आणि दहाने भागायचं. नवीन पोरं पहिल्या फ्लॅशला ‘एक’ म्हणतात आणि दहाव्याला घड्याळ थांबवतात. मग फेऱ्या नऊच होतात आणि चार सेकंदांची बत्ती ३.६ ची निघते. पहिल्या फ्लॅशला ‘शून्य’ म्हणायचं. फ्लॅशची लांबी मात्र स्टॉपवॉचने कळत नाही. त्यासाठी मी मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा वापरतो. सेकंदाला २४० चित्रं घेतो तो. ०.३ सेकंदांचा फ्लॅश ७२ चित्रांत दिसला पाहिजे, अर्ध्या सेकंदाचा १२० चित्रांत. मिस्त्रींना हे दाखवलं तेव्हा त्यांनी फोन हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिला.

बत्त्यांचे हे ठेके मनाला येतील तसे ठरत नाहीत. १९७६ पर्यंत जगात बोयांच्या तीसहून अधिक पद्धती चालत होत्या. १९८० साली टोकियोच्या परिषदेत आयएएलए या दीपगृह संघटनेने ते सगळं एका व्यवस्थेत आणलं, आणि तेही दोन विभाग करून. आपण ए विभागात : बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला, हिरवी उजव्या हाताला. अमेरिका, जपान, फिलिपिन्समध्ये याच्या बरोबर उलट. एकत्र येऊनही एवढं भांडण राहिलंच.

त्यातल्या दिशादर्शक बोयांचे ठेके मला सगळ्यांत हुशारीचे वाटतात. एखाद्या खडपाच्या ज्या बाजूने सुरक्षित पाणी आहे, त्या बाजूचा बोया लावतात, आणि फ्लॅश घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे. पूर्वेला तीन, दक्षिणेला सहा, पश्चिमेला नऊ, उत्तरेला न थांबता. सगळे पांढरे आणि भराभर. दक्षिणेच्या सहा फ्लॅशनंतर एक लांब फ्लॅश जोडलेला असतो, किमान दोन सेकंदांचा. तो का, हे वर्कशॉपच्या टेबलावर कळत नाही. होडीत बसून, लाट मध्ये येत असताना, पावसात सहा मोजून बघावेत. पाच झाले की सात, खात्री राहत नाही. तिसऱ्याला लाट आडवी आली तर सहाचे तीन होतात, आणि तीन म्हणजे पूर्व. शेवटचा लांब फ्लॅश दिसला की मोजणी चुकली तरी चालते.

आमच्या इकडचे मासेमारी होड्यांचे तांडेल तर मोजतच नाहीत. मी एका तांडेलांना विचारलं होतं, नऊवाली कशी ओळखता? ते म्हणाले, “ती बडबडी. बोलून बोलून दमते, मग गप बसते.” त्यांना पश्चिम-पूर्वेशी देणंघेणं नव्हतं. बडबडी बत्ती दिसली की तिच्या समुद्राकडच्या अंगाने जायचं. व्यवस्थेला हवं तेच ते करत होते, फक्त कागदाशिवाय.

याच तांडेलांमुळे एक घोटाळा उघडकीला आला. जिल्ह्यातल्या एका खाडीत बाहेरची हिरवी चार सेकंदांची, आतली अडीच सेकंदांची. बाहेरच्या हिरवीवरून सरळ आत यायचं, आतल्या हिरवीशी आलं की वळायचं. अलीकडे वळलं तर वाळूचा पट्टा. बाहेरची बत्ती बंद पडल्यावर दुसऱ्या एका कंत्राटदाराच्या माणसांनी गोदामातली नवी आणून बसवली. रंग हिरवा, उजेड झकास, त्यांचं काम झालं. नवी बत्ती कारखान्यातून ज्या कोडवर आली होती त्याच कोडवर राहिली, आणि तो निघाला अडीच सेकंदांचा. आता खाडीत एकामागे एक दोन सारख्या हिरव्या.

तांडेल मासे उतरवून झाल्यावर धक्क्यावर मला भेटले. “भाऊ, भायरची हिरवी बदललीत काय?”

मी म्हटलं, बत्ती नवी आहे, आमची नाही, पण हिरवीच आहे ना?

“हिरवी हाय. पण आदी ती विझली की बिडीचा एक झुरका निवांत मारून व्हायचा. आता झुरका तोंडातच, की ही पेटली. ही आतलीसारखी करते.”

ते त्या रात्री वळले नव्हते. उजेडाची जागा किनाऱ्यापासून लांब वाटली म्हणून इंजिन मंद करून त्यांनी मुलाला बांबूने पाणी बघायला लावलं होतं. त्यांना तीस वर्षांची खाडी पाठ आहे. बाहेरचा एखादा बार्ज असता तर त्याने बांबू घातला नसता. मी त्याच दिवशी बंदर कार्यालयाला कळवलं. दुसऱ्या सकाळी भांगाचं पाणी होतं, ओढ कमी, म्हणून बोयावर चढणं सोपं गेलं. बत्ती उतरवली, तिच्या जागी आमची चार सेकंदांवर लावून तपासलेली चढवली, तीन बोल्ट आवळले, परत. समुद्रावर बत्ती उघडायची नाही हा आमचा नियम आहे. झाकणाखालच्या रबरी रिंगवर खारं पाणी किंवा केस अडकला तरी महिन्याभरात आत पाणी जातं. जे काही लावायचं ते टेबलावर लावायचं, सिलिका जेलची पुडी ठेवायची, बंद करायचं, आणि वर जाऊन फक्त अदलाबदल करायची. त्यानंतर मी प्रत्येक बत्तीच्या बाहेर एक पट्टी चिकटवायला लागलो : बोयाचं नाव, रंग, कोड, सेकंद, लावल्याची तारीख. गोदामातल्या सुट्या बत्त्यांना ‘कोड लावलेला नाही’ अशी लाल पट्टी.

बंदरवाल्यांचं मागणं नेहमी एकच असतं : उजेड वाढवा. त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. धक्क्यावर एलईडीचे झोत आलेत, किनाऱ्याच्या रस्त्यावर दिवे आलेत, ट्रॉलरच्या डेकवर पांढरा लखलखाट असतो. त्यात भर म्हणून मच्छीमार आता जाळ्याच्या टोकाला बाजारात मिळणाऱ्या लुकलुकत्या बत्त्या बांधतात, लाल, हिरव्या, काही तर दोन्ही रंगांच्या. त्यांचंही बरोबरच आहे, जाळं कोणी कापून नेऊ नये. पण रात्री खाडीच्या तोंडाशी बघितलं तर खरी लाल कुठली आणि जाळ्याची कुठली हे ठेक्यावरच ओळखावं लागतं. उजेड वाढवून यातलं काहीच सुटत नाही.

सुटतं ते सगळ्या एकदम पेटवून. बत्तीत जीपीएसचा तुकडा असला की प्रत्येक बत्ती उपग्रहाच्या घड्याळावरून आपली फेरी सुरू करते. एकमेकींशी तार नाही, रेडिओ नाही, तरी दोन्ही काठांच्या बत्त्या एकाच क्षणी पेटतात. मागे कितीही दिवे असोत, एकदम पेटणाऱ्या चार जोड्या डोळा वेगळ्या काढतो आणि अंधारात वाट आखलेली दिसते. प्रत्येक जोडीला थोडा उशीर देऊन उजेड बाहेरून आत पळतोय असंही करता येतं. एका ठिकाणी करून बघितलं, पाहायला आलेल्या साहेबांना फार आवडलं. मला सरळ, लांब चॅनेलमध्ये ते पटतं. वळणाच्या खाडीत पळणारा उजेड वळणावर तुटतो आणि पुढे कुठे गेला ते कळत नाही. तिथे मी साधं एकत्र पेटणंच सुचवतो. शिवाय सगळ्या एकत्र पेटवायच्या तर सगळ्यांचे सेकंद सारखे करावे लागतात, म्हणजे चारची आणि अडीचची हा फरक जातो. आमच्या त्या खाडीत म्हणूनच जीपीएस लावू नका असं मी सांगितलं. अजून तरी लावलेला नाही.

उजेडाच्या हिशेबात आणखी एक गंमत आहे. क्षणभर पेटलेला दिवा डोळ्याला त्याच्या खऱ्या तेजापेक्षा मंद वाटतो. ब्लाँडेल आणि रे या दोघा फ्रेंचांनी १९११ साली याचं सूत्र मांडलं, ते आजही वापरतात : फ्लॅशची लांबी भागिले तीच लांबी अधिक ०.२ सेकंद. ०.३ सेकंदांचा फ्लॅश ६० टक्के तेजाचा वाटतो, अर्ध्या सेकंदाचा ७१ टक्के, एक सेकंदाचा ८३. म्हणजे फ्लॅश ०.५ वरून ०.३ वर आणला तर वीज ४० टक्के वाचते आणि दिसणारं तेज त्या मानाने थोडंच घटतं. कागदावर हा सौदा फायद्याचा आहे, आणि पावसाळ्याआधी तो करायचा मोह दरवर्षी होतो. पण बोया डोलतो. बत्तीचा उजेड क्षितिजालगतच्या बारीक पट्ट्यात पडतो. बोया कलला की तो पट्टा एका बाजूला आकाशात जातो आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात. फ्लॅश आखूड असला तर सगळाच्या सगळा त्या कललेल्या क्षणात संपतो. आतल्या शांत पाण्यात ०.३ ठीक, तोंडावरच्या बोयाला मी अर्ध्या सेकंदाच्या खाली जाऊ देत नाही.

पावसाळा हा आमच्या धंद्यातला खरा परीक्षक. बत्ती पेटलेली असताना ०.४ अँपिअर ओढते असं धरा, रात्र बारा तासांची, बॅटरीतले वापरण्याजोगे १२ अँपिअर-तास, आणि ढगांमुळे चार्जिंग शून्य. चार सेकंदांत अर्धा सेकंद पेटणारी बत्ती रात्रीला ०.६ अँपिअर-तास खाते, म्हणजे वीस रात्री निघतात. सेकंदाला एकदा ०.३ सेकंद पेटणारी, बडबड्या जातीची, आठ रात्री. आणि जितका वेळ पेटलेली तितकाच वेळ विझलेली, जिला आयसोफेज म्हणतात, ती पाच रात्री. जुलैत सूर्याचं तोंड न दिसणारे पाचाहून अधिक दिवस सलग येतात. ढगांतूनही थोडी वीज मिळते, पण भर दिवसा काळोख झाला की सेन्सर बत्ती लवकर पेटवतो, त्यात ती वीज जाते. १ जूनला मासेमारी बंद होते म्हणून बत्त्या बंद चालतील असं काही जणांना वाटतं. कोळसा आणि गॅस आणणाऱ्या जहाजांना मासेमारीची बंदी नसते.

सगळ्यांत जास्त खाणारी आयसोफेज नेमकी सगळ्यांत बाहेरच्या बोयावर असते. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा फेअरवे बोया, सभोवती खोल पाणी, इथून आत वळा असं सांगणारा. त्याला आयसोफेज चालते, तशीच दहा सेकंदांत एक लांब फ्लॅशही चालते; दोन्ही व्यवस्थेत बसतात. लांब फ्लॅश दोन सेकंदांचा, म्हणजे रात्रीला ०.९६ अँपिअर-तास, बारा रात्री. मी हा हिशेब एका पानावर मांडून बंदरात दिला. तिथल्या एका कॅप्टनसाहेबांनी पान वाचलं आणि म्हणाले, “तुमचा हिशेब बरोबर आहे. पण मी बाहेरून येतो तेव्हा लाटेवरून एकदा नजर टाकतो. तुमची लांब फ्लॅशवाली आठ सेकंद विझलेली. आयसो अर्धा वेळ पेटलेलीच असते. पहिल्या नजरेत सापडते.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विझलेला वेळ मोजायला मला शिकवलं होतं, पण तो वेळ जहाजाच्या ब्रिजवर उभं राहून डोळे ताणत काढणारा माणूस मी नाही. तरी लांब फ्लॅश मागणारं पत्र पुढे पाठवलं गेलं, कारण ठेका बदलायचा तर बंदराने एकट्याने ठरवून भागत नाही. वरून मंजुरी, मग नोटीस टू मरिनर्स, मग नकाशात आणि यादीत दुरुस्ती. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ चा नवा कायदा आला, तरी कागदाची ही वाट तेवढीच लांब आहे, आणि माझ्या मते असावी. स्क्रूड्रायव्हर दोन मिनिटांत फिरतो म्हणून तर ती लांब हवी.

पत्राचं उत्तर आलेलं नाही. तोवर आयसोच चालू आहे. बोयाच्या पोटात एकाऐवजी दोन बॅटऱ्या बसवल्या, समोरासमोर, म्हणजे बोया एका बाजूला कलणार नाही. दुसऱ्या बॅटरीसाठी कंस वेल्डिंग करून घ्यावा लागला, त्याचं बिल अजून अडकलं आहे.